लाखोळीच्या डाळीतला अमाइड

(ब्रह्मपुरी येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची लय शक्यतो तशीच ठेवली आहे.)



पत्रिकेवर आजचा विषय जरा जडच छापला गेलाय. 'सेंद्रिय उत्प्रेरण, बहुक्रियात्मक रेणू आणि अमाइडचे गुणधर्म'. एवढं वाचूनही तुम्ही आलात, याचा मला आनंद आहे. धानाची कापणी उरकलेली आहे, चुरणे बाकी असेल, तरी वेळ काढलात.

माझ्या नावाआधी डॉक्टर लागतं. ते औषध देणारं नव्हे. पदवीच्या कागदावर 'डॉक्टर ऑफ फिलॉसॉफी' असं लिहिलंय, पण शिकवलं मात्र आयुष्यभर रसायनशास्त्र. तरी त्या कागदातल्या फिलॉसॉफीला धरून एक प्रश्न माझ्या मागे लागलेला आहे. एखाद्या पदार्थाला आपण 'विष' म्हणतो, तेव्हा आपल्याला नक्की काय कळलेलं असतं?

या प्रश्नाची सुरुवात आपल्या बांधीत होते. आत्ता इथून सायकलवर दहा मिनिटं बाहेर गेलात, तर धान कापलेल्या बांध्यांमध्ये लाखोळी हिरवी उभी दिसेल. उभ्या धानात, ओल असतानाच बी फेकायचं, नांगर नाही, खत नाही, पाणी नाही. उतेरा म्हणतात त्याला. धान निघालं की त्या ओलीवरच डाळ येते. गरिबाची डाळ. आणि याच डाळीवर देशात १९६१ साली विक्रीची बंदी आली, कारण ती सतत खाल्ल्यानं पाय कायमचे लुळे पडतात. त्याला लॅथिरिझम म्हणतात.

माझ्या लहानपणी आमच्या गावात एक सालगडी होते. काठी टेकत, गुडघे एकमेकांवर घासत, चवड्यांवर चालायचे. नशीब म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं होतं. पुढे मी बी.एस्सी.ला गेलो, लॅथिरिझमबद्दल वाचलं, आणि सुट्टीत घरी येऊन मायला म्हणालो, "ही डाळ विष आहे, घरात शिजवायची नाही." माय म्हणाली, "पह्यलं पाणी फेकाचं असते बाबू, मंग काही होत नाही." मी ऐकलं नाही. शिकलेला मुलगा होतो ना! त्या वर्षीची लाखोळी मी विकायला लावली, मिळेल त्या भावात. त्या वर्षी घरात दुसरी डाळ नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

मला 'विष' हा शब्द ठाऊक होता. रेणू ठाऊक नव्हता. आज आपण तो रेणू बघू.

एका रेणूला चार हात

लाखोळीतला तो रेणू १९६४ साली भारतातच ओळखला गेला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राव, अडिगा आणि शर्मा यांनी तो वेगळा काढला. त्याच वर्षी मूर्ती, शेषाद्री आणि वेंकिटसुब्रमण्यन यांनीही तो शोधल्याचं प्रसिद्ध केलं. नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे ओडॅप म्हणतात. आपणही तेच म्हणू.

ओडॅप छोटा आहे. पाच कार्बन, आठ हायड्रोजन, दोन नायट्रोजन, पाच ऑक्सिजन. पण एवढ्याशा अंगावर त्याला चार क्रियात्मक गट आहेत. दहावीच्या पुस्तकात हा शब्द आहे. रेणूचा जो भाग प्रत्यक्ष काम करतो, तो क्रियात्मक गट. ओडॅपला दोन टोकांना दोन आम्ल गट, मधे एक अमाइन, आणि एक अमाइड. असे निरनिराळे गट एकाच रेणूवर असले की त्याला बहुक्रियात्मक म्हणायचं. आपल्या शरीरातले, वनस्पतीतले आणि औषधांतले बहुतेक महत्त्वाचे रेणू असेच असतात.

हा रेणू इतका घातक का? कारण तो ग्लुटामेटसारखा दिसतो. ग्लुटामेट म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी वापरतात तो रेणू. ओडॅप त्याच कुलपात किल्लीसारखा बसतो आणि चेतापेशींना उगाचच चेतवत राहतो. महिनोन्‌महिने असं झालं की पेशी मरतात.

आता दोन गोष्टी समजून घ्यायच्या. एक, यातला अमाइड म्हणजे काय. दुसरी, असा चार हातांचा रेणू माणूस प्रयोगशाळेत बांधतो कसा. दोन्हींची किल्ली एकाच ठिकाणी आहे, नायट्रोजनकडे.

नायट्रोजनची जोडी

नायट्रोजनला तीन बंध करायची सवय. ते करून झाले की त्याच्याकडे इलेक्ट्रॉनची एक जोडी शिल्लक राहते. ही जोडी तो कुणाला देतो, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आजच्या व्याख्यानातलं एकच वाक्य घरी न्यायचं असेल तर हे न्या.

अमाइनमध्ये ती जोडी मोकळी असते. म्हणून अमाइन आम्लारी असतो, लाल लिटमस निळा करतो, समोर आम्ल आलं की लगेच हात पुढे करतो. सडक्या मासळीचा वास असतो ना, तो अमाइनचा.

अमाइडमध्ये हाच नायट्रोजन एका कार्बनला जोडलेला असतो, आणि त्या कार्बनला ऑक्सिजन दुहेरी बंधानं जोडलेला असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉनचा लोभी. नायट्रोजनची जोडी त्या दिशेला ओढली जाते आणि तिघांमध्ये वाटली जाते. याला संस्पंदन म्हणतात. परिणाम काय? नायट्रोजन आता मोकळा राहिला नाही. त्याचा आम्लारीपणा जवळजवळ गेला. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यातला बंध साध्या एकेरी बंधापेक्षा आखूड झाला, १.४७ अँगस्ट्रॉमच्या जागी सुमारे १.३३. आणि तो ताठ झाला, सहज फिरेना. लायनस पाउलिंगनं हा ताठपणा, ही सपाट बैठक गृहीत धरली, म्हणून १९५१ साली त्याला आणि कोरीला प्रथिनाच्या साखळीची गुंडाळी बरोबर सापडली. ज्यांनी तो बंध फिरता मानला, त्यांची गणितं चुकली.

दुसरा गुण चिकटपणाचा. अमाइडच्या एका बाजूला नायट्रोजनवरचा हायड्रोजन, दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन. शेजारच्या रेणूशी दोन्हीकडून हायड्रोजन बंध जुळतात. एक आकडा सांगतो. प्रोपिल अमाइन आणि ॲसिटामाइड, दोघांचं रेणुवजन ५९. प्रोपिल अमाइन ४८ अंशांना उकळतो. ॲसिटामाइड साधारण २२१ अंशांना. वजन तेच, फरक फक्त एकमेकांना धरून ठेवण्याचा.

हे सगळं तुम्ही अंगावर नेसता. आपल्याकडे ढिवर समाज ऐनाच्या झाडांवर कोसा पाळतो. तो कोश्याचा धागा म्हणजे प्रथिन, आणि प्रथिन म्हणजे अमिनो आम्लं एकामागे एक अमाइड बंधांनी ओवलेली. नायलॉनही तसाच, तो माणसानं केलेला. कोशाची अळी त्याआधी लाखो वर्षं तेच करत आलेली आहे.

कोसा उकळताना पाण्यात सोडा घालतात, का? धाग्याभोवती सेरिसिन नावाचा डिंक असतो. तोही प्रथिनच, तेच अमाइड बंध. पण त्याची घडण सैल आहे, पाणी आत शिरतं, तो सुटतो. आतला धागा घट्ट रचलेला, तिथे पाणी सहज पोचत नाही. मात्र सोडा जास्त झाला किंवा फार वेळ उकळलं की धागाही कमजोर होतो, कारण आता क्षार खरोखरच अमाइड बंध कापायला लागला. बंध एकच, पण आजूबाजूची परिस्थिती काय आहे त्यावर तो टिकणार की तुटणार हे ठरतं.

आणि टिकतो म्हणजे किती टिकतो? नुसत्या पाण्यात, साध्या तापमानाला, प्रथिनातला एक अमाइड बंध तुटायला शेकडो वर्षं लागतात. घरी डाळ शिजते तेव्हा अमाइड बंध तुटतात असं कुणाला वाटत असेल, तर नाही. शिजताना फक्त घड्या उलगडतात. बंध कापतात पोटातली विकरं, पेप्सिन, ट्रिप्सिन. जे काम पाणी शेकडो वर्षांत करतं ते ही मंडळी जेवणानंतर काही तासांत उरकतात. आणि गंमत बघा, ती विकरं स्वतः अमाइडचीच बनलेली असतात.

युरियाचं उदाहरण तर तुमच्या रोजच्यातलं. युरिया हा एका कार्बनवर दोन नायट्रोजन असलेला अमाइड. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के म्हणजे २०.७ किलो नायट्रोजन. कोरड्या गोदामात तो वर्षानुवर्षं तसाच राहील. पण बांधीत फेकला की काही दिवसांत संपतो, कारण मातीत युरिएज नावाचं विकर आहे. ते युरिया फोडून अमोनिया करतं, आणि साचलेल्या पाण्यावर फेकलेला असेल तर बराच अमोनिया हवेत उडून जातो. म्हणून कृषी खात्याची माणसं सांगतात, पाणी काढा, चिखलात द्या, एकदम देऊ नका, किंवा ब्रिकेट करून मुळाशी खोचा. तो सल्ला म्हणजे अमाइडचं रसायनशास्त्रच आहे.

आता एक उलटं उदाहरण. पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखाना उभा राहिला, पेनिसिलिनसाठी. पेनिसिलिनच्या मध्यभागीही अमाइड आहे, पण तो चार अणूंच्या चिमुकल्या कड्यात कोंबलेला आहे. तिथे नायट्रोजनला नीट सपाट बसता येत नाही, म्हणून आपली जोडी नीट वाटता येत नाही. अमाइड अस्वस्थ राहतो. जिवाणूचं भिंत बांधणारं विकर जवळ आलं की हे कडं फटकन उघडतं आणि त्या विकराला कायमचं चिकटून बसतं. भिंत बांधायची राहते, जिवाणू मरतो. ज्या संस्पंदनामुळे कोसा टिकतो, तेच अर्धवट राहिल्यामुळे पेनिसिलिन काम करतं.

उसनवारी करणारे रेणू

आता उत्प्रेरक. हा शब्द बर्झेलियसनं १८३५ साली रूढ केला. स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारा पदार्थ. आम्ही वर्गात सोयरीक जुळवणाऱ्या मध्यस्थाची उपमा द्यायचो. ती अर्धीच खरी आहे. मध्यस्थ बाजूला उभा राहून बोलतो. उत्प्रेरक स्वतः बंध करतो, अडकतो, काम झालं की सुटतो. त्यापेक्षा उसनवारी म्हणा. रोवणीला आपण एकमेकांकडे जातो, काम करून परत येतो, तसं.

बराच काळ रसायनशास्त्रज्ञांची अशी समजूत होती की चांगले उत्प्रेरक दोनच प्रकारचे. एक धातूंचे, पॅलेडियम, ऱ्होडियम वगैरे. दुसरी निसर्गाची विकरं, प्रचंड मोठे रेणू. साधा, छोटा, धातू नसलेला कार्बनी रेणू हे काम करील याकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. खरं म्हणजे उदाहरण १८६० सालीच समोर होतं. लीबिग या जर्मन शास्त्रज्ञानं सायनोजेन वायू पाण्यात घेतला, त्यात थोडा ॲसिटाल्डिहाइड टाकला, आणि ऑक्सामाइड मिळालं. ऑक्सामाइड म्हणजे ऑक्झॅलिक आम्लाचा अमाइड. आणि आपल्या लाखोळीतल्या ओडॅपचा अमाइड कुणाचा? त्याच ऑक्झॅलिक आम्लाचा! सेंद्रिय उत्प्रेरणाच्या सगळ्यात जुन्या उदाहरणांपैकी एक, आणि त्यातून आलेला पदार्थ आपल्या लाखोळीच्या विषाचा नातेवाईक.

मग खरा उजेड पडला २००० साली. बेंजामिन लिस्ट तेव्हा कॅलिफोर्नियात होते. त्यांनी लर्नर आणि बार्बास यांच्याबरोबर प्रोलीन घेतलं. प्रोलीन हे वीस अमिनो आम्लांतलं एक, त्याचा नायट्रोजन कड्यात बांधलेला. जिलेटिनमध्ये भरपूर असतं, स्वस्त आहे, विषारी नाही. त्यांनी ॲसिटोन आणि एक अल्डिहाइड यांना प्रोलीनच्या सोबतीनं जोडलं.

कसं घडतं ते बघा. प्रोलीनचा नायट्रोजन आपली मोकळी जोडी वापरून ॲसिटोनला धरतो, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. आता ती जोडी ॲसिटोनच्या टोकाच्या कार्बनकडे ढकलली जाते, तो कार्बन इलेक्ट्रॉनांनी श्रीमंत होतो आणि अल्डिहाइडला जाऊन भिडतो. दरम्यान प्रोलीनचा आम्ल गट अल्डिहाइडच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधानं धरून ठेवतो, म्हणजे तो एकाच बाजूनं समोर येतो. बंध जुळला. पाणी परत येतं, प्रोलीन मोकळं होतं, पुढच्या जोडीकडे जातं.

त्याच वर्षी डेव्हिड मॅकमिलन यांनी बर्कलेमध्ये दुसऱ्या छोट्या नायट्रोजनवाल्या रेणूनं दुसऱ्या प्रकारची क्रिया घडवली, आणि 'ऑर्गॅनोकॅटॅलिसिस' हे नाव त्यांनीच चालवलं. दोघांना मिळून २०२१ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. न्यायानं हेही सांगायला हवं की प्रोलीननं अशी एक क्रिया घडवणं औषध कंपन्यांतल्या लोकांना १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जमलं होतं. पण ती एका विशिष्ट पदार्थाची युक्ती म्हणून बाजूला पडली. ती सर्वसाधारण रीत आहे हे ओळखायला तीस वर्षं गेली. वस्तू समोर असते, प्रश्न नसतो.

आता माझ्या आवडीची गोष्ट. नायट्रोजन तोच. प्रोलीन मोकळं असेल, तर त्याची जोडी उसनी देता येते, ते उत्प्रेरक होतं. तेच प्रोलीन प्रथिनाच्या साखळीच्या मधे अमाइड बंधात बसलं, की त्याची जोडी कायमची वाटली गेली. मग ते ही उसनवारी करीत नाही, फक्त साखळीला वळण देतं. एकच माणूस गावात मोकळा असतो तेव्हा दहा घरची कामं करतो, संसाराला लागला की एका घराचा खांब होतो. दोन्ही कामं मोलाचीच.

आणि अमाइडच्या जातभाईंनाही उत्प्रेरक होता येतं, पण वेगळ्या मार्गानं. युरियाचा चुलतभाऊ थायोयुरिया. त्याच्या नायट्रोजनची जोडी मोकळी नाही, पण नायट्रोजनवरचे हायड्रोजन आहेत. त्या दोन हायड्रोजननी तो समोरच्या रेणूला चिमटीत धरतो. एरिक जेकबसन यांनी १९९८ मध्ये अशा रेणूंनी अमिनो आम्लं तयार करण्याची वाट दाखवली.

डावा हात, उजवा हात

मघाशी 'एकाच बाजूनं समोर येतो' असं म्हणालो, त्यात फार मोठं काम दडलंय. पुष्कळ कार्बनी रेणू हातांसारखे असतात. डावा आणि उजवा, आरशातल्या प्रतिमा, एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. घरातलं उदाहरण घ्या. बाळंतशेपा आणि पुदिन्याची एक परदेशी जात, जिचा वास च्युइंगमला असतो. दोघांच्या वासातला मुख्य रेणू कार्व्होन. फक्त एकात उजवा, एकात डावा. नाकाला लगेच कळतं.

ओडॅपचंही तसंच आहे. १९७५ साली राव यांनी तो प्रयोगशाळेत तयार केला आणि दाखवलं की चेतापेशींवरचा परिणाम हातावर अवलंबून आहे. निसर्गातला हात घातक, त्याची आरशातली प्रतिमा तशी नाही. अणू तेच, वजन तेच, गट तेच.

साध्या पद्धतीनं रेणू बांधला की दोन्ही हात निम्मे-निम्मे येतात. माझी पीएच.डी.ची वर्षं त्यातला नको असलेला अर्धा भाग फेकण्यात गेली. शिवाय धातूंचं पाणी. ज्या प्रयोगशाळेत मी काम केलं, तिथे क्रोमियमचं पिवळं पाणी आम्ही सरळ मोरीत ओतत होतो. मोरी कुठे जाते हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. तेव्हा आम्हाला ते रसायनशास्त्राच्या बाहेरचं वाटायचं.

लिस्टच्या त्या पहिल्या प्रयोगात ॲसिटोन आणि एका अल्डिहाइडपासून शंभरात साधारण ८८ रेणू एका हाताचे आले, दुसऱ्या एका अल्डिहाइडमध्ये ९८. धातू नाही, हवा-पाणी काटेकोरपणे बाहेर ठेवायची कटकट नाही.

चार हातांचा रेणू बांधताना

बहुक्रियात्मक रेणू बांधणं अवघड का? कारण तुम्ही एका गटाशी काम करायला जाता आणि दुसरा गट मधे हात घालतो. ओडॅपमध्येच बघा. त्याच्या मूळ रेणूवर दोन नायट्रोजन आहेत, दोन्हींची जोडी मोकळी. ऑक्झॅलिक आम्लाचा तुकडा नेमका एकावरच बसवायचा आहे. मग दुसऱ्या नायट्रोजनला आधी झाकून ठेवा, काम करा, नंतर झाकण काढा. प्रत्येक झाकण म्हणजे दोन जास्तीच्या पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला थोडा माल वाया.

सेंद्रिय उत्प्रेरकांचं मोठं योगदान इथे आहे. ते सौम्य असतात. एका गटाला धरतात, बाकीच्यांना सहसा धक्का लावत नाहीत. आणि एका भांड्यात एकामागोमाग दोन-तीन क्रिया लावून देता येतात. एंडर्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या गटानं २००६ मध्ये तीन साध्या पदार्थांपासून, एकाच भांड्यात, चार हातवाली केंद्रं असलेलं कडं तयार केलं.

सगळ्यात बोलकं उदाहरण कुचल्याचं. कोकणात त्याला काजरा म्हणतात. त्यातलं विष स्ट्रिकनीन, १८१८ साली वेगळं काढलेलं. सात कडी एकमेकांत गुंतलेली, आणि त्यात एक अमाइडही आहे. वुडवर्ड यांनी १९५४ साली ते प्रयोगशाळेत बांधलं, तेव्हा जगानं तोंडात बोट घातलं. २९ क्रिया, आणि हाती आलेला माल सुरुवातीच्या ०.०००९ टक्के. मॅकमिलन यांनी २०११ मध्ये सेंद्रिय उत्प्रेरकाची साखळी वापरून तेच १२ पायऱ्यांत केलं. नोबेल समितीच्या हिशेबानं ही वाट ७,००० पट फायद्याची. त्याच मधल्या रेणूपासून आणखी पाच वनस्पतिजन्य रेणूही बांधले.

आपल्याकडे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विषयावर बरंच काम झालं. ए. सुदलाई यांच्या गटानं प्रोलीन वापरून औषधी रेणूंच्या हातवाल्या घटकांच्या वाटा शोधल्या. ए. टी. बिजू तिथे असताना त्यांनी कार्बीन नावाच्या उत्प्रेरकांवर काम केलं. हे कार्बीन म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाच्या, थायमिनच्या कामाच्या भागाचे नातेवाईक. थायमिन कसं काम करतं हे ब्रेस्लो यांनी १९५८ मध्ये उलगडलं. ते जीवनसत्त्व धानाच्या कोंड्यात असतं. पॉलिशमध्ये जातं, उष्णा तांदळात बरंचसं दाण्यात मुरतं. म्हणजे आपल्या गिरणीतही सेंद्रिय उत्प्रेरकाचाच हिशेब चालू असतो, नाव ठाऊक नसतं एवढंच.

आता अमाइडकडे परत. अमाइड तयार करणं कागदावर अगदी सोपं. आम्ल आणि अमाइन घ्या, पाण्याचा एक रेणू काढा. पण दोघं समोरासमोर आले की आधी मीठ करून बसतात आणि जोराची उष्णता दिल्याशिवाय हलत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेत डीसीसी नावाचा पदार्थ वापरतात, १९५५ पासून. तो पाणी ओढून घेतो. हिशेब ऐका. १८ वजनाचं पाणी काढण्यासाठी २२४ वजनाचा कचरा तयार होतो. प्रत्येक बंधाला. औषधांमध्ये अमाइड जागोजागी, आपली ताप उतरवणारी पॅरासिटामॉलची गोळीसुद्धा अमाइडच. (ती मात्र वेगळ्या, सोप्या रीतीनं करतात.) म्हणून २००७ साली मोठ्या औषध कंपन्यांच्या हरित रसायन गटानं जे प्रश्न सुटायला हवेत त्यांची यादी केली, तेव्हा कचरा न करता अमाइड बांधणं हा प्रश्न सगळ्यात वर ठेवला. त्यावरचं एक उत्तर यामामोतो यांच्या गटानं १९९६ मध्ये दिलं होतं, बोरॉनचं आम्ल उत्प्रेरक म्हणून वापरायचं. बोरॉन धातू नाही. कचरा म्हणून उरतं ते पाणी.

सगळं सुटलं असं मात्र समजू नका. लिस्टच्या पहिल्या प्रयोगात प्रोलीन ३० टक्के घालावं लागलं होतं, म्हणजे शंभर रेणूंमागे तीस. चांगला धातूचा उत्प्रेरक शंभरामागे एक किंवा त्याहून कमी लागतो. विद्रावकही लागतातच. धातू नाही म्हणजे आपोआप स्वच्छ, असा हिशेब करायचा नाही.

पहिलं पाणी

आता मायकडे परत येऊ.

ओडॅपला दोन आम्ल गट, म्हणून तो पाण्यात विरघळतो. डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकलं की त्यातला बराचसा ओडॅप पाण्याबरोबर जातो. सगळा नाही, पण बराचसा. दुसरं, उष्णतेनं ऑक्झॅलिकचा तुकडा एका नायट्रोजनवरून शेजारच्या नायट्रोजनवर सरकतो. अमाइड तुटून पुन्हा बांधला जातो, जागा बदलून. काही भाग असा बदलतो, आणि हा दुसरा प्रकार कमी विषारी आहे. मायला यातलं काही ठाऊक नव्हतं, पण पहिलं पाणी फेकायचं हे ठाऊक होतं. मला सगळी नावं ठाऊक होती.

पण मायची बाजू घेताना मी पुन्हा तीच चूक करायला नको. त्या सालगड्याच्या घरी पाणी फेकायला फुरसत नव्हती असं नाही. त्यांना मजुरीच लाखोळीत मिळत होती, आणि दुष्काळात दुसरं काही नव्हतंच. १८३० च्या सुमारास सागर भागात गारपीट आणि तांबेऱ्यानं गहू गेला, लाखोळी तेवढी टिकली, लोकांनी तीच खाल्ली आणि पुष्कळ जणांचे पाय गेले. हे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्यानं लिहून ठेवलंय. दोन-तीन महिने जेवणातला मोठा हिस्सा लाखोळीच असेल, तेव्हा हा आजार गाठतो. अधूनमधून, इतर डाळी-भाज्यांबरोबर खाणाऱ्याला तो धोका तसा नसतो. म्हणजे विष डाळीत होतं, पण पाय नेले ते दारिद्र्यानं.

पुढे बंदीवर बराच वाद झाला, महाराष्ट्रानं ती उठवली. कमी ओडॅपच्या जाती निघाल्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची 'रतन', रायपूरच्या कृषी विद्यापीठाच्या 'प्रतीक' आणि 'महातिवडा'. शेजारच्या नागभीड तालुक्यात दादाजी खोब्रागडे यांनी बांधीत बघून बघून एचएमटी धान निवडलं. तीच नजर लाखोळीच्या बियाण्यालाही लागू शकते. बियाणं बघून घ्या, पहिलं पाणी फेका, आणि तिला एकटीला ताटात ठेवू नका.

एका श्रोत्यांनी चिठ्ठी पाठवली आहे. "सर, मग लाखोळीला विष म्हणायचं की नाही?" म्हणा, पण त्याच्यापुढे तीन शब्द जोडा. किती, किती दिवस, आणि कशाबरोबर. हे तीन विचारल्याशिवाय मी पन्नास वर्षांपूर्वी बोललो होतो.

दुसरी चिठ्ठी एका विद्यार्थिनीची आहे. "हे शिकायला मोठी प्रयोगशाळाच लागते का?" नाही. प्रोलीन स्वस्त आहे, ॲसिटोन कॉलेजात आहे, खोलीच्या तापमानाला क्रिया होते. सरांना विचारा, हातमोजे घाला. आणि उरलेलं मोरीत ओतू नका.

थांबतो.